पाच जणांसमोरची चुडी

“बांगड्याइचं तं टेन्शनच नाही आपल्याले,” नूतनबाई म्हणाल्या आणि पोह्यांची रिकामी प्लेट खाली ठेवून हसल्या. “इवाईन घरचीच आहे भरनारी. आमच्याकडच्या वीस-पंचवीस बाया राहतील. त्याइचे हात सकारीच भरून द्या, म्हंजे झालं.”

शामकला हसली. पोरीच्या होणाऱ्या सासूने, आपल्या विहिणीने, पहिल्यांदाच काही मागितलं होतं आणि तेही असं, की जे आपल्या हातात आहे. “वीस काय, पन्नास आना,” ती म्हणाली आणि चहाची किटली घेऊन पुढे झाली. एकवीस वर्षं दरेकसा, सालेकसा, आमगाव असे बाजार करून तिने जेवढे हात भरले होते, तेवढे हात या बाईने जन्मात पाहिले नसतील. मंजूच्या लग्नात तर ती डब्यातला सगळ्यात चांगला माल काढणार होती.

तेवढ्यात इंद्रकुमारने घसा खाकरला. इंद्रकुमार म्हणजे मंजूचा होणारा सासरा. गोंदियाजवळ मुर्रीला त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायचा आणि दोन्हीत स्वतःलाच शहाणा समजायचा.

“और एक छोटी बात है, कैलाशभाऊ. बुरा मत मानना. कन्यादानाले तुमच्या बाजूला सुशिलाबाई बसतील. आमची अम्मा पुराने खयाल की है. तिले कोनीतरी सांगतलं का ह्या तुमच्या... म्हंजे ह्या बिहावाच्या, मांडवात लगन लागलेल्या, नाहीत. चुडीवाल्या आहेत. अम्मा म्हनते, विधवा असली तरी चालन, पन कन्यादानाले बिहावाचीच बाई पायजे.”

शामकलाच्या हातातली किटली तशीच राहिली. तिने कैलाशकडे पाहिलं. कैलाश, तिचा नवरा, मंजूचा बाप, वनखात्यात वीस वर्षं मजुरी केलेला, अस्वल समोर आलं तरी जागचा न हललेला माणूस. तो बशीतल्या चहाकडे बघत होता. जणू काही त्या चहात उत्तर तरंगत होतं!

“हो, तं...” कैलाश म्हणाला, “जसं तुमी म्हना.”

बाजूला बसलेली सुशिलाबाई, कैलाशच्या मेलेल्या मोठ्या भावाची बायको, पदर सारखा करून सरळ बसली. नाही म्हणाली नाही. आणि नूतनबाईंनी विषय आटोपल्यासारखं विचारलं, “हिरव्या बांगड्या आहेत ना तुमच्याजवर? बारीक कामाच्या?”

शामकलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे बघा, बांगड्या भरायला ही चालते आणि मांडवात बसायला नाही. तिने चहा ओतला, कपाबाहेर एक थेंब सांडला नाही, आणि ती आत निघून गेली.

आता गोंदियाच्या दुकानात जाऊन विचाराल तर दुकानदार सांगेल की चुडी आणि बांगडी एकच. हिंदीत चुडी, मराठीत बांगडी, काच तीच आणि माप तेच. त्याच्यापुरतं ते खरं आहे. पण दरेकशाचं जंगल ओलांडलं की छत्तीसगड लागतं, आणि त्या बाजूच्या गावांमध्ये हे दोन शब्द वेगवेगळ्या घरात राहतात. बांगडी कोणीही कोणाच्याही हातात भरतं. जत्रेत भरतात, बाजारात भरतात, सणाला भरतात, हौस आली म्हणून भरतात. फुटली तर दुसरी घेतात. चुडी मात्र पुरुष घालतो. बाईचा नवरा मेला असेल किंवा त्याने तिला टाकलं असेल आणि पुरुषाचं घर बायकोविना ओस पडलं असेल, तर पाच माणसं एका अंगणात बसतात. पंडित नसतो, धुमालचा बाजा नसतो, पत्रिका नसते. तो तिच्या हातात चुडी घालतो आणि पाच जण म्हणतात, झालं. त्या दिवसापासून ती त्याची बायको. कोणी बोट दाखवलं तर त्या पाचांनी उत्तर द्यायचं.

शामकलाला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. ती डोंगरगडच्या बाजूची, तिची आईही हाच धंदा करायची. बाजारात एखादा अवघडलेला माणूस पथारीसमोर येऊन उभा राहिला आणि खाली मान घालून “चुडी पायजे,” म्हणाला, की शामकला इतर गिऱ्हाइकांना थांबवायची. काच उजेडात धरून एक एक तपासायची, चीर गेलेला माल बाजूला काढायची, निवडलेली जोडी नव्या फडक्यात बांधायची आणि त्याच्या हातात द्यायची. बाई सोबत असली तरी तिच्या हातात भरायची नाही. “माहं काम झालं,” सांगायची. “आता घालाचं काम तुहं.”

आणि तिची स्वतःची चुडी? ती गावातल्या जाणत्या चुन्नीलालबाबाच्या अंगणात झाली. पहिल्या नवऱ्याने दुसरी आणून हिला घराबाहेर काढलं होतं, आणि कैलाशची बायको लहान मंजूला मागे ठेवून कावीळ होऊन गेली होती. माघाचा महिना होता. दोन वर्षांची मंजू शामकलाच्या मांडीवर फडक्याचं टोक चघळत बसली होती. कैलाशला बांगडी भरायची कशी ते काय माहीत! त्याने दोन फोडल्या. तिसरी घालताना शामकलाच्या अंगठ्याला काच लागून रक्त आलं, तसा तो घाबरला. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सुशिलाबाई तेव्हा चहा करत होती, आणि तिचा नवरा त्या पाचांत होता. सहा चुड्या घालून झाल्या, तशी चुन्नीलालबाबाने काठी आपटली.

“झालं. आता हे कैलाशची बायको अना या लेकराची माय. कोनी इचारन तं माह्याकडं पाठवा.”

त्यानंतरच्या वर्षांत काच ती काच, फुटायचीच. पण फुटली की नवी कैलाशच घालायचा. धंदा बांगड्यांचा, घरात डबे भरून माल, पण आपल्या हातात एक काच शामकलाने स्वतः कधी भरली नाही. हळूहळू कैलाशचा हात तिच्याइतकाच सफाईदार झाला. सुट्टीच्या दिवशी तो तिच्यासोबत बाजाराला यायचा, मागे बसायचा. गिऱ्हाइकाला माप दाखवताना तिला हात मोकळे लागले की ती नुसता बांगड्या धरलेला हात मागे करायची आणि कैलाश ओंजळ पुढे करायचा. बोलावं लागायचं नाही. अशीच मंजू मोठी झाली. तिचा ताप, तिची शाळा, तिचं गोंदियाचं नर्सिंग, होस्टेलवर जाताना बांधून दिलेला चिवडा, सगळं या बाईने केलं. मंजूला तिने कधी सावत्र म्हटलं नाही, आणि मंजूलाही ती शाळेत जाईपर्यंत हे माहीत नव्हतं.

इवाई मंडळी गाडीत बसून गेली. शामकलाने भांडी घासली नाहीत, कप उचलले नाहीत. सरळ नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

“मूग गिळून काऊन बसले तुमी?”

“मंग का करू? जमलेलं लगन मोडू?”

“मोडा मनलं का म्या? ‘हे माही बायको आहे.’ एवढं बोलाचं होतं. चार सबद! चार सबदाइनं लगन मोडते का?”

“त्याइले मालूम आहे सगरं.”

“मालूम आहे मनूनच बोला लागते. मालूम नसतं तं मी कायले बोलली असती?”

कैलाशने विडी पेटवली. “तू बी ना, उगीच आग पाखडून राहिली. सुशिलावैनी बसली का तू बसली, लेकरू तं तेच आहे. लोकं मांडवातून उठले का इसरून जातात.”

“मी इसरन का?”

तो विडी ओढत राहिला. त्याचा हा जुना डाव होता. समोरचा थकेपर्यंत गप्प बसायचं. पण तिला थकायचं नव्हतं. ती रात्री जेवली नाही आणि सकाळी त्याला डबा दिला नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी मंजू घरी आली. गोंदियाच्या एका दवाखान्यात ती नर्स होती. पोरगी हुशार, बोलायला धीट, डॉक्टरलाही उलटं उत्तर देणारी. शामकलाला वाटलं, बाप बोलत नाही तर नाही, पोरगी बोलेल. तिने सगळं सांगितलं. मंजू नखं कुरतडत ऐकत राहिली.

“मले मालूम होतं, आई.”

“कवापासून?”

“साखरपुड्यापासून. भुपेंद्रनं सांगतलं होतं.” भुपेंद्र म्हणजे होणारा नवरा. “तो म्हने, आजीचा स्वभाव तसा आहे, आपल्याले का करा लागते.”

“अना तू का मनली?”

मंजूने तिच्या गळ्यात हात टाकले. लहानपणी काही हवं असलं की टाकायची तसे. “एक दिवसाची गोष्ट आहे, आई. दिवसाची बी नाही, अर्ध्या घंट्याची. मंग जलमभर तूच आई आहेस ना माही?”

शामकलाने ते हात गळ्यातून काढले. जोरात नाही, पण काढले.

“एकवीस वर्ष मीच होती. आता अर्धा घंटा मांगून राहिली, तं तोच देता येत नाही तुले.”

मंजू रडायला लागली. शामकलाला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तिने घेतलं नाही. नवऱ्याचा राग तोंडावर आणता येतो. लेकराचा राग पोटात जातो आणि तिथे जळत राहतो. अर्धा घंटा म्हणे! अरे, गोवर निघाला होता तेव्हा सात दिवस ही पोरगी हिच्या मांडीवरून खाली उतरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती चुन्नीलालबाबाकडे गेली. पाचांपैकी तिघे वारले होते, एक नागपूरला लेकाकडे राहत होता. गावात बाबा एकटेच उरले होते, ऐंशीच्या पुढचे, बाजेवर बसून ऊन खात.

“बाबा, तुमी सांगतलं होतं, कोनी इचारन तं माह्याकडं पाठवा. आता इचारून राहिले. मांडवात या अना एक डाव सांगा. बाकी मले काही नको.”

बाबांनी बराच वेळ काठीच्या मुठीवर बोट फिरवलं. “बाई, आता आमच्या बोलन्याले कोन पुसते? जमाना बदलला. त्या मुर्रीवाल्याइनं मले बी खुर्ची ठेवतो मनलं आहे, समोरच्या लाइनीत. अशा टाइमले मी उठून काही बोललो, तं शोभन का?”

“म्हंजे तुमाले खुर्ची पायजे.”

“तसं नाही वं...”

“तसंच आहे,” शामकला म्हणाली आणि चप्पल पायात सरकवून निघाली. मोठमोठ्या बाता मारायला अंगण आणि खरं बोलायची वेळ आली की खुर्ची. वा रे बाबा!

लग्नाचा दिवस उजाडला. अंगणात आंबा-जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव, बाजूला लाल-पिवळी कनात, कोपऱ्यात पाण्याचे ड्रम. मुर्रीहून वऱ्हाड सकाळीच आलं. कनातीमागे शामकलाने चटई टाकली, डबा उघडला आणि वराकडच्या बायांचे हात भरायला बसली. एकामागून एक पंचवीस जणींचे हात. जाड हात, हाडकुळे हात, अंगठ्यांनी भरलेले हात. राग मावत नव्हता, पण तो तिने हातात उतरू दिला नाही. हात धंद्याचा होता. एकही बांगडी फुटली नाही.

“किती नरम हात आहे वं इवाईनचा!” नूतनबाई आपली मनगटं उजेडात फिरवत म्हणाल्या. “समजलंच नाही कवा भरल्या.”

शेवटी सुशिलाबाई आली. वराकडून मिळालेली जरीची साडी नेसून. तिला चटईवर बसताना अवघडल्यासारखं झालं असावं.

“मी नाही मनत होती, शामकला. पन कैलाशभाऊच मनले...”

“हात इकडं करा, बाई.”

नवरा गेल्यापासून कोरे असलेले तिचेही हात मांडवापुरते भरले. मग मंजूचे. मंजू हळदीच्या वासाची, खाली बघणारी. दोन्ही हात बांगड्यांनी भरेपर्यंत ती काही बोलली नाही. उठताना तेवढं म्हणाली, “रागावली का, आई?”

“हो. लय.”

मंजूला वाटलं असेल, आई ‘नाही’ म्हणेल. आया म्हणतात तसं. तेवढ्यात बायांनी तिला ओढत नेलं.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, धुमाल वाजून थांबला. आमगावचे पंडितजी माइकवर म्हणाले, “कन्या के माता-पिता, आइए.” कैलाश पाटावर बसला. त्याच्या शेजारी सुशिलाबाई बसली. शामकला मांडवाच्या मेढीला टेकून उभी होती, शेजारपाजारच्या बायांमध्ये, पाहुणी असल्यासारखी. बाया तिच्याकडे चोरून बघत होत्या. एकीने तर दंडावर हातही ठेवला, बिचारी म्हणून. त्या हाताने तिचं डोकं फिरलं. राग कोणी करावा, तिरस्कार करावा, पण बिचारी म्हणू नये.

ती मागे गेली. पाण्याच्या ड्रमजवळ तिने पंजावर प्लास्टिकची पातळ पन्नी चढवली, थोडं पाणी लावलं आणि आपल्या मनगटातल्या चुड्या काढायला सुरुवात केली. तीन डाव्या हातातल्या, तीन उजव्या. नवरा मेला की चुडी फोडतात. नवरा सोडायचा असला की फोडत नाहीत, अख्खी उतरवतात आणि चार माणसांसमोर ज्याची त्याला परत देतात. ज्याने घेतली त्याचा आणि जिने दिली तिचा संबंध तिथे संपतो. सहाही अख्ख्या निघाल्या.

ती मांडवात गेली, गर्दीतून सरळ, आणि कैलाशसमोर उभी राहून तिने बांगड्यांचा हात पुढे केला. आणि कैलाशने काय करावं? एकवीस वर्षांच्या सवयीने त्याने ओंजळ पुढे केली! बाजारात बसल्यासारखी. तिने त्या ओंजळीत सहा चुड्या ठेवल्या. समोरच्या रांगेत चुन्नीलालबाबा खुर्चीतून अर्धे उठले आणि “अवं बाई, नको...” म्हणाले. तोपर्यंत उशीर झाला होता. कैलाशने तिच्या कोऱ्या मनगटांकडे पाहिलं आणि मग त्याला कळलं, आपण काय घेतलं ते.

“पाच जनाइसमोर घातली होती तू,” शामकला म्हणाली. जन्मात ती त्याला ‘तू’ म्हणाली नव्हती. “आता पाचशे आहेत. बरोबर पाहून घे. एक बी फुटली नाही.”

माइक सुरू होता, त्यामुळे तिचं बोलणं रस्त्यापर्यंत गेलं होतं.

“ये क्या तमाशा है?” इंद्रकुमार उठून उभा राहिला.

“तमाशा नाही, इवाई. तुमच्याकडं नवरा सोडाले वकील लागते. आमच्याकडं एवढंच लागते. तुमच्या अम्माले सांगा, आता या घरात चुडीवाली नाही राहिली. होऊ द्या तुमचं कन्यादान चोखं.”

ती वळली आणि चालत कनातीमागे गेली. मागे पंडितजींचा आवाज आला, “भाईसाहब, हाथ खाली कीजिए, संकल्प लेना है.” कैलाशची ओंजळ भरलेली होती. संकल्पाचं पाणी घ्यायला ती रिकामी पाहिजे, आणि रिकामी करायची तर कुठे? त्याने सुशिलाबाईकडे हात वळवला. “मले नको देऊ!” म्हणत ती पाटावरून सरकली. जणू कोणी तिच्या पदरात इंगळ टाकत होतं. बाजूला बसलेल्या बाया मागे झाल्या. दुसऱ्या बाईची उतरवलेली चुडी कोण हातात घेईल? ज्यांना चुडी म्हणजे काहीच नाही असं वाटत होतं, त्यांच्यातल्याही एकीने हात पुढे केला नाही.

शामकला डब्याचं झाकण लावत होती तेव्हा कैलाश धावत कनातीमागे आला. घामाने निथळत होता, आणि ओंजळ तशीच धरलेली, एखादं पाखरू पकडून आणल्यासारखी.

“असं का करतेस वं? चाल. हात दे, घालतो मी. घालतो अना सुशिलावैनीले उठवतो, तू बस. चाल लवकर.”

एका क्षणापुरता तिचा हात पुढे झालाही होता. मग तिने तो मागे घेतला.

“इथं?”

“मंग कोटं?”

“कनातीमागं बाया बांगड्या भरतात. सकारपासून भरूनच राहिली मी. चुडी घालाची असन तं तिथं चाल. सगऱ्याइच्या समोर. मायकात सांग का हे माही बायको आहे, अना घाल. मी उठून येतो तुह्या मांगं.”

कैलाशने मांडवाकडे पाहिलं. कनातीच्या फटीतून इंद्रकुमार दिसत होता, हात कमरेवर ठेवलेला. वराकडची माणसं घड्याळं बघत होती. पंडितजी पुन्हा माइकवर म्हणाले, “जल्दी कीजिए, मुहूर्त निकल रहा है.” कैलाशने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा चुड्यांकडे, आणि तो मांडवाकडे वळला.

शामकला उभी राहिली. पाण्याने ओली झालेली मनगटं तिने पदराने पुसून कोरडी केली. एवढं झाल्यावरही, एवढा राग पोटात असतानाही, ती थांबली. तिला खरंच वाटलं की तो बोलेल. जंगलात अस्वलासमोर उभा राहिलेला माणूस आहे, चार-पाचशे माणसांसमोर चार शब्द बोलायला त्याला काय लागतं!

भोंग्यात खरखर झाली. मग पंडितजींचा मंत्र सुरू झाला, भरभर, उशीर भरून काढल्यासारखा. मंत्र थांबला आणि पंडितजी म्हणाले, “माताजी, पिताजी के हाथ पर पानी छोडिए.”

म्हणजे ओंजळ रिकामी झाली होती. खिशात घातल्या असतील त्याने, कुर्त्याच्या. शामकला काही वेळ भोंग्याकडे बघत राहिली. मग तिने डबा डोक्यावर घेतला, मागच्या वाटेने स्टेशन गाठलं आणि आलेल्या पॅसेंजरने सालेकशाला भावाच्या घरी निघून गेली. जाताना तिने एकदाही मागे पाहिलं नाही, आणि रडलीही नाही. रडायचं असतं तर तिला कोणी तरी हवं होतं, ज्याच्यावर राग नाही असं.

आठ दिवसांनी सालेकशाच्या बाजारात तिने पथारी मांडली. पहिली बाई आली, पन्नाशीची, शेतावरची, खरबरीत हातांची. हात पुढे करता करता तिने शामकलाची मनगटं पाहिली आणि ती दचकली.

“अवं माय! बांगडीवाली अना हात कोरे? कोन मेलं?”

“कोनी नाही मेलं.”

“मंग?”

“जिता आहे. दोन टाइम जेवून राहिला असन. बोटं जवर घ्या.”

बाईने बोटं जवळ घेतली. तीन बांगड्या गेल्या आणि डब्यातला फोन वाजला. मंजूचा. आठ दिवसांत तिचे वीसेक फोन येऊन गेले होते, शामकलाने एकही उचलला नव्हता. फोन वाजत राहिला.

“उचला ना,” ती बाई म्हणाली. “मी बसतो. मले का घाई आहे!”

शामकलाने फोन कानाशी धरला. पलीकडून आधी रडणंच ऐकू आलं.

“आई... बाबा आले होते मुर्रीले.”

“बरं.”

“तुह्या चुड्या माह्याजवर देऊन गेले. मनले, मले घरात ठेवता येत नाही, फेकता बी येत नाही, तूच ठेव. आई, मी का करू याइचं? अलमारीत ठेवल्या आहेत. उघडाची भेव वाटते.”

वा! एवढ्या मोठ्या माणसाला त्या सहा काचा सांभाळता आल्या नाहीत. आणल्या आणि टाकल्या लेकराच्या ओटीत. शामकलाच्या तोंडावर चांगल्या दोन शिव्या आल्या. समोर गिऱ्हाईक होतं, बाजार भरला होता, आणि फोनवर मंजू रडत होती. तिने त्या गिळल्या.

“फुटली तं नाही ना एखादी?”

“नाही. सहाच्या सहा आहेत.”

“मंग घाल हातात.”

“आई! तुही चुडी मी कशी घालू?”

“चुडी नाही ते आता,” शामकला म्हणाली. “त्यानं देल्ली तुले, तवा ते बांगड्या झाल्या. चांगल्या काचेच्या आहेत. थोड्या ढिल्या होतील तुले, भांडे घासताना वर सरकवत जाय.”

मंजू काही तरी म्हणत होती. शामकलाने तिचं ऐकून घेतलं, पूर्ण, मध्ये न बोलता. मग “ठेवतो, गिऱ्हाईक आहे,” म्हणून तिने फोन डब्यात टाकला.

“लेक का?” त्या बाईने विचारलं.

“हो,” शामकला म्हणाली. “दुसरा हात आना.”